कुणी बनवून दिला रे?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची पोरं शाळेत आहेत, आणि ज्यांनी कधी ना कधी रात्री अकरा वाजता पुठ्ठा कापत पोराचा ‘प्रकल्प’ पूर्ण केलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. विषय रोबोचा आहे, पण रोबोपुरता नाही.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शाळांची रोबोटिक्स स्पर्धा भरते. आठवी ते दहावीची पोरं. खेळ साधा आहे. प्लायवूडचं मैदान, त्यावर काळी पट्टी, कडेला तीन टोपल्या. एक जमिनीलगत, एक दीड फुटावर, एक तीन फुटांवर. पहिली तीस सेकंदं रोबोनं पट्टी धरून स्वतःच्या अकलेनं चालायचं, रिमोटला हात लावायचा नाही. पुढची दोन मिनिटं रिमोटवर. चेंडू उचलायचे, टोपलीत टाकायचे. खालच्या टोपलीला एक गुण, मधल्या टोपलीला तीन, वरच्या टोपलीला पाच. मेख अशी, की सुरुवातीला रोबो दीड फुटाच्या खोक्यात बसला पाहिजे. म्हणजे दीड फुटाचा गडी तीन फुटांवर पोचणार कसा, हा खरा प्रश्न.

स्पर्धेच्या नऊ दिवस आधी एक व्हिडिओ फिरला. अठरा सेकंदांचा. आमच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या खेड्यातल्या हायस्कूलचा रोबो. कुणीतरी हौसेनं स्टेटसला ठेवला असणार. त्यात एक बुटकं यंत्र चेंडू उचलतं आणि मग त्याच्या पाठीतून एक पट्टी वर जाते, त्या पट्टीतून दुसरी पट्टी वर जाते, आणि चेंडू साडेतीन फुटांवरून अलगद टोपलीत पडतो. मागून पोरींचा ओरडा ऐकू येतो. संपला व्हिडिओ.

तासाभरात तो आमच्या शहरातल्या एका शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पोचला. शहर म्हणजे तालुक्याचं गावच, पण आम्ही त्याला शहर म्हणतो. त्या शाळेचीही टीम स्पर्धेत होती. ग्रुपवर काय काय आलं ते एकानं मला पाठवलं. थोडक्यात देतो.

‘हे मुलांचं काम वाटत नाही.’

‘त्या टीममधल्या मुलीचे वडील फॅब्रिकेशनवाले आहेत. बाकी समजून घ्या.’

‘यूट्यूबवरून उचललंय. अमेरिकेतल्या टीमचा सेम टु सेम असाच आहे.’

‘आपल्या मुलांनी तीन महिने क्लास लावून मेहनत केली, त्याचं काय?’

‘आयोजकांना निवेदन देऊ. सह्या करा. पत्रकारांनाही सांगा.’

पत्रकार म्हणजे अस्मादिक. फोन आला, “साहेब, बोगस रोबो अशी बातमी लागली पाहिजे. उद्याच्या अंकात.” जणू पाणीपुरवठ्याच्या टाकीचं बोगस बिल काढलंय कुणी.

गंमत पुढं आहे. त्याच संध्याकाळी त्या खेड्यातल्या शाळेच्या एका सरांचा फोन. “सर, शहरातल्या शाळेनं लाखाचं किट आणलंय. क्लासवाले सर कोड टाकून देतात, पोरं नुसती बटणं दाबत्यात. आमची पोरं भंगार गोळा करून करत्यात. ह्यावर तुम्ही कधी लिहिणार?”

दोन्ही फोन मी शांतपणे ऐकले. वीस-बावीस वर्षं ही नोकरी केल्यावर एक कळतं. दोन्हीकडची तक्रार शब्दाला शब्द सारखी असली की बातमी तक्रारीत नसते, दुसरीकडंच कुठंतरी असते. दोघांनाही सांगितलं, आधी बघतो, मग लिहितो.

शनिवारी सकाळची शाळा होती. मोटारसायकल काढली. बरोबर त्या पालकांच्या ग्रुपमधला माझा एक मित्र आला. त्याचा मुलगा शहरातल्या टीममध्ये आहे. त्यालाच म्हटलं होतं, सही करण्याआधी एकदा डोळ्यानं बघ.

हायस्कूलच्या जुन्या प्रयोगशाळेत चार पोरं होती. तीन मुली, एक मुलगा. टेबलावर तो व्हिडिओतला रोबो. जवळून बघितला तर यंत्र कमी आणि आमच्या आठवडी बाजाराशेजारचं भंगाराचं दुकान जास्त वाटत होतं. गाडीच्या वायपरची मोटर. स्लायडिंग खिडकीचं ॲल्युमिनियम सेक्शन. ड्रॉवरला लावतात ते सरकतं चॅनेल, फर्निचरवाल्याकडून उरलेलं आणलेलं. कप्पी म्हणून स्लायडिंग खिडकीचीच छोटी चाकं. आणि गवंडी भिंतीला लावतात ती लाइनदोरी. मेंदू म्हणून एक अर्दुइनो बोर्ड.

माझ्या मित्रानं प्रेमानंच विचारलं, “बाळ, हे कुणी बनवून दिलं?”

फॅब्रिकेशनवाल्याची ती मुलगी, नववीतली. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा सरांकडं, आणि खाली मान घातली. उत्तर नाही. मित्रानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की, बघ, मी म्हणत होतो ना.

मी म्हटलं, “मला एवढंच सांग, हे वर कसं जातं? मोटर तर एकच दिसतेय.”

पोरगी अशी सुटली की पंधरा मिनिटं थांबली नाही.

“पहिल्या चॅनेलला मोटर ओढतीया. दुसऱ्याला मोटर न्हाईच. ही दोरी बघा, हिकडं खाली पट्टीला गच्च बांधलीया. तिथनं पहिल्या चॅनेलच्या टोकावरच्या चाकावरनं घेऊन दुसऱ्याच्या बुडाला बांधलीया. पहिला वर गेला की चाक वर जातंय. दोरी तर काय लांबत न्हाई. मग दुसऱ्याला वर यावंच लागतंय.”

“किती वर?”

“पहिला एक वीत गेला की दुसरा दोन वीत.”

“मग तर फायदाच फायदा.”

“न्हाई. मोटरला जोर दुप्पट लागतोय. म्हणून तर पहिली मोटर जळली. मग वायपरची लावली. ती हळू हाय, पण दमाची हाय.”

आधी सुतळी लावली होती, ती ताणायची आणि गाडा तिरका व्हायचा. मग लाइनदोरी. हे सगळं एका शंभर पानी वहीत होतं. तारखा, खाडाखोड, जळक्या मोटरची किंमत, चॅनेलची चित्रं. एका पानावर नुसतंच मोठ्या अक्षरात ‘आज काहीच चाललं नाही’.

मित्र हुशार माणूस आहे, त्यानं नेमके दोन प्रश्न विचारले. वेल्डिंग कुणी केलं? “पप्पांनी. मला मशीन धरू देत न्हाईत. खुणा मीच करून दिल्या. दोनदा चुकल्या, त्यांनी दोनदा कापून दिलं.” आणि ही कल्पना यूट्यूबवरची? “व्हय. अमेरिकेतल्या पोरांचा बघितला. त्यांचं चॅनेल लई महाग असतंय. आमचं कपाटाचं.”

म्हणजे बघा हं. ग्रुपवरचे दोन्ही आरोप तांत्रिकदृष्ट्या खरेच निघाले. वडिलांनी वेल्डिंग केलंय. कल्पना बाहेरची आहे. तरीही तो रोबो त्या पोरीचाच आहे, याबद्दल परतीच्या वाटेवर आम्हा दोघांनाही शंका राहिली नव्हती. मित्र गाडीवर मागं बसून बराच वेळ गप्प होता.

दुपारी शहरातल्या शाळेत गेलो. इथं लॅब चकाचक. किट खरोखर महागाचं, रंगीत, डब्यात भागवार लावलेलं. आता खेड्यातल्या सरांचा आरोप तपासायचा होता. मित्राचा मुलगा पुढं आला, दहावीतला. त्याला मी तेच विचारलं, कुणी केलं हे नाही. हे पट्टी धरून कसं चालतं ते सांग.

मूळ कोड क्लासच्या सरांनी दिलेला, हे त्यानं स्वतःच पहिल्या वाक्यात सांगितलं. “पण काका, त्यात एक आकडा आहे. रोबो पट्टीपासून जितका लांब गेला असेल त्याला त्या आकड्यानं गुणायचं आणि तितकं वळवायचं. सरांच्या मॅटवर तो आकडा चालायचा. आमच्या मॅटवर रोबो दारुड्यासारखा झोकांड्या खायला लागला. आकडा कमी केला तर वळणावर सरळ निघून जायचा.” मग त्यानं एक तक्ता दाखवला. साठ-पासष्ट ओळी. आकडा, किती वेळा पट्टी सुटली, शेरा. शेवटच्या काही ओळींत एक जादा रकाना होता, बॅटरीचा व्होल्टेज. “कारण बॅटरी उतरली की बरोबर आकडासुद्धा चुकतो. हे सरांनापण माहीत नव्हतं.”

हे सांगताना पोराच्या चेहऱ्यावर जे होतं ते सकाळी त्या मुलीच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. आपल्याला कळलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याचा आनंद. तो विकत मिळत नाही, आणि कुणी बनवूनही देत नाही.

मग त्यानं बापासमोर मला विचारलं, “काका, तुम्ही त्यांचा रोबो बघितला ना? दुसऱ्या चॅनेलची मोटर कुठं लपवलीय? आम्ही तो व्हिडिओ पाव स्पीडवर चाळीस वेळा बघितला. दिसतच नाही.”

मंडळी, माझ्या मते सगळी गोष्ट इथं आहे. एकच व्हिडिओ. मोठ्यांनी एक-दोनदा बघितला आणि त्यावर दोनशेच्या वर मेसेज टाकले. एकाही मेसेजमध्ये ‘हे वर कसं जातं’ हा प्रश्न नव्हता. मुलांनी चाळीस वेळा बघितला, आणि त्यांच्याकडं तेवढा एकच प्रश्न होता.

मी त्याला उत्तर सांगितलं नाही. एका ठिकाणी विश्वासानं दाखवलेलं दुसऱ्या ठिकाणी सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हटलं, “स्पर्धेच्या दिवशी तिलाच विचार. सांगेल ती.”

आता जरा मोठ्यांच्या बाजूनं बोलतो, कारण मीही मोठाच आहे. हा संशय हवेतून आलेला नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात वर्षानुवर्षं त्याच ज्वालामुखीतून तोच फेस आपण बघितलाय. स्टेशनरीच्या दुकानात ‘वर्किंग मॉडेल’ तयार मिळतं, फक्त नाव लिहायचं. प्रात्यक्षिकाचे मार्क कसे पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. दहावीच्या परीक्षेला कॉपीमुक्त अभियान चालवावं लागतं आणि भरतीचे पेपर परीक्षेआधी मोबाइलवर फिरतात, अशा राज्यात एखादी चांगली गोष्ट दिसली की ‘कुणी करून दिली’ हेच आधी डोक्यात येणार. अनुभवानं आलेलं शहाणपण आहे ते.

पण या संशयाची एक खोड आहे. तो सगळ्यांवर सारखा पडत नाही. शहरातल्या पोरावरचा आरोप होता पैशाचा, की यांना विकत घेता येतं. खेड्यातल्या पोरीवरचा आरोप होता डोक्याचा, की हिला हे सुचूच शकत नाही. वरवर दोन्ही सारखे दिसतात, पण पहिला ऐकून पोरगं चिडतं, दुसरा ऐकून पोरगी मान खाली घालते. महागाचं यंत्र चाललं तर आपण म्हणतो, हुशार आहेत. भंगाराचं यंत्र चाललं तर म्हणतो, कुणीतरी मदत केली असेल. हे आपण मुद्दाम करतो असं नाही. पण करतो.

हे भांडण आपल्याकडंच आहे असंही समजू नका. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ साली फर्स्ट नावाची संस्था काढली, आणि १९९२ पासून तिची शाळकरी मुलांची रोबोटिक्स स्पर्धा चालते. तिथंही स्पर्धेआधी टीम आपापल्या रोबोचे व्हिडिओ टाकतात आणि तिथंही दरवर्षी तोच वाद पेटतो, हा रोबो मुलांनी केला की मार्गदर्शक इंजिनिअरांनी. म्हणजे माणूस इथूनतिथून सारखाच.

फरक आहे तो खेळाच्या मांडणीत. त्यांच्या मोठ्या स्पर्धेत तीन टीम विरुद्ध तीन टीम अशी मॅच होते, आणि सुरुवातीच्या फेरीत जोड्या बदलत राहतात. या मॅचला जो समोर आहे तो पुढच्या मॅचला तुमच्या बाजूनं असू शकतो. पुढं बाद फेरीला वरच्या टीम स्वतः साथीदार निवडतात. त्यामुळं दुसऱ्याचा रोबो नीट समजून घेणं हे तिथं सभ्यतेपुरतं उरत नाही, ते जिंकण्याचंच काम होऊन बसतं. मुलं वह्या घेऊन इतरांच्या टेबलांवर फिरतात, विचारतात, टिपून घेतात. एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी त्या स्पर्धेत एक वृत्ती रुजवली, की जीव तोडून खेळायचं आणि समोरच्याला मदतही करायची. ऐकायला सुविचार वाटतो. पण त्याच स्पर्धेतली टेक्सासमधली रोबोनॉट्स नावाची नासाच्या पाठबळाची तगडी टीम आपल्या मुख्य रोबोशिवाय एक साधा, स्वस्त रोबोही तयार करते आणि त्याची रेखाचित्रं, सुट्या भागांची यादी सगळ्यांसाठी खुली करते. नव्या, गरीब टीमनी तो खुशाल उतरवून घ्यावा म्हणून. ज्यांच्याविरुद्ध उतरायचं त्यांनाच नकाशा द्यायचा. आपल्याकडं याला वेडेपणा म्हणतील.

आणि ‘कुणी केला’ याचा निकाल कसा लावायचा, त्याचंही एक जुनं उदाहरण आहे. २००४ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराला पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा झाली. फिनिक्स शहरातल्या कार्ल हेडन या गरीब वस्तीतल्या हायस्कूलची चार पोरं, मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतली, थेट कॉलेजांच्या गटात उतरली. त्यांचा रोबो पीव्हीसी पाइपचा, खर्च ८०० डॉलरच्या आसपास. समोर एमआयटीची टीम, खर्च ११,००० डॉलरच्या घरात. पहिला नंबर शाळकरी पोरांचा आला. पुढं त्यावर पुस्तक आलं, २०१५ साली सिनेमाही आला. सिनेमावाल्यांना पाइप आणि गरिबी आवडली, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं गुण फक्त पाण्यातल्या कामगिरीला नव्हते. परीक्षकांसमोरच्या तोंडी प्रश्नोत्तरांना होते, लेखी तांत्रिक अहवालाला होते. परीक्षकांनी खोदून विचारलं आणि पोरांनी उत्तरं दिली. त्यांना तांत्रिक लेखनाचं बक्षीसही मिळालं. ‘तुम्हाला हे कुणी करून दिलं’ असं विचारायची गरजच उरली नाही.

आपल्याकडंही हे नवीन नाही. आशिया-पॅसिफिकमधल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची रोबोकॉन २००२ पासून भरते. ती दोनदा पुण्यात झाली, २००८ ला आणि २०१४ ला. २००८ चा विषय होता दहीहंडी. २०२२ ला दिल्लीत झाली तेव्हा विषय होता लगोरी. आपलीच लगोरी, रोबोंनी फोडायची आणि रोबोंनीच रचायची. अशा स्पर्धेत सगळ्यांना प्रश्न एकच असतो आणि प्रत्येकाचं यंत्र वेगळं निघतं. तीच तर मजा आहे. लहानपणी लगोरी खेळताना समोरच्या गल्लीतल्या पोराचा नेम बघून आपण शिकलो, ‘तुला हा नेम कुणी शिकवला, दाखला आण’ असं नाही म्हणालो.

असो. आमच्या स्पर्धेचं काय झालं ते सांगतो.

निवेदन गेलंच. माझ्या मित्राची सही त्यावर नव्हती, बाकीच्यांच्या होत्या. कॉलेजच्या विभागप्रमुख मॅडमनी कुणालाच बाद केलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की सामन्यांआधी प्रत्येक टीमच्या टेबलावर पाच मिनिटं प्रश्न विचारायचे असं ठरवलं. सगळ्या टीमना, एकाच मापानं. यंत्रातला एक भाग परीक्षक सांगतील, तो पोरांनी सोडवून परत जोडायचा. मोठ्यांनी टेबलापासून दहा पावलं लांब उभं राहायचं. त्या दहा पावलांवर उभ्या राहिलेल्या पालकांचे आणि सरांचे चेहरे हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. एक-दोन टीमना खरंच काही सांगता आलं नाही. त्यात शहरातली नव्हती आणि त्या खेड्यातलीही नव्हती.

सरावाच्या टेबलाशी मित्राचा मुलगा त्या मुलीकडं गेला. थोडा घुटमळला, मग विचारलं. तिनं मागची पट्टीच खोलून दाखवली. पोरगं डोक्याला हात लावून म्हणालं, “मोटरच नाहीये!” मग तिनं विचारलं, तुमचा पट्टीवरनं हलत कसा न्हाई. त्यांचा रोबो पहिल्या तीस सेकंदांत नुसता नाकासमोर जायचा. यानं तक्ता काढला. तो आकडा, ती बॅटरी. अर्ध्या तासात पट्टीचं सगळं तिच्या डोक्यात उतरलं नसणार, पण ती वहीत लिहून घेत होती.

निकाल? दोघांपैकी कुणीच जिंकलं नाही. उपांत्य फेरीत पोरींची दोरी चाकावरून उतरली आणि चॅनेल अर्ध्यात अडकलं. शहरातला रोबो एका वळणावर सरळ निघून गेला. पहिला नंबर तिसऱ्याच एका शाळेचा आला. त्यांचा रोबो म्हणजे चाकं लावलेलं सुपडं. वरच्या टोपलीच्या नादाला लागलाच नाही. खालच्या टोपलीत एकेक गुणाचे चेंडू ढकलत राहिला आणि एकदाही बंद पडला नाही. नऊ दिवस दोन्हीकडची मोठी माणसं ज्यांच्यावर भांडत होती ते दोघंही बाजूला, आणि ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं तो पहिला.

रात्री पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘शेवटी त्यांचा फेल गेलाच ना.’ खाली आठ-दहा अंगठे. त्याच वेळी माझ्या मोबाइलमध्ये दुपारचा एक फोटो होता. अडकलेल्या चॅनेलभोवती सहा पोरं वाकलेली, तीन तिकडची, तीन इकडची, आणि मित्राचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर धरून. तो फोटो आठ ओळींच्या बातमीसोबत लागला. ‘बोगस’ची बातमी असती तर चार कॉलम मिळाले असते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पेपरलाही भांडण आवडतं.

आता सार्वजनिक प्रश्नाकडं येतो, कारण इथून पुढं हे वाढणार आहे. निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळतात. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब करायची घोषणा झालीय. म्हणजे थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, बोर्ड खेड्यापाड्यांत येणार. स्पर्धा वाढणार, व्हिडिओ वाढणार आणि ‘कुणी बनवून दिला’ हेही वाढणार. लॅबला पैसे आहेत, पण मुलांना विचारण्याची पद्धत आपण बसवली नाही, तर त्या लॅबमधूनही तयार ज्वालामुखीच बाहेर पडतील, फक्त महागातले.

म्हणून शाळा, संस्था आणि आयोजकांकडं माझ्या चार मागण्या आहेत. खर्च जवळपास शून्य.

एक, प्रत्येक स्पर्धेत आणि विज्ञान प्रदर्शनात निम्मे गुण प्रश्नोत्तरांना ठेवा. मोठी माणसं दहा पावलं लांब.

दोन, वहीला गुण द्या. चुका, जळक्या मोटरी, ‘आज काहीच चाललं नाही’ यालाही. स्वच्छ आणि एका बैठकीत लिहिलेली वही दिसली की परीक्षकांनी जरा जास्त प्रश्न विचारावेत.

तीन, मदतीचं एक पान सक्तीचं करा. वेल्डिंग कुणी केलं, कोड कुठून घेतला, कल्पना कुठं बघितली. मदत घेणं हा गुन्हा नाही, जगातलं कुठलंच यंत्र एकट्यानं झालेलं नाही. लिहायची सोय असली की लपवायची गरज पडत नाही, आणि संशयाला जागा राहत नाही.

चार, सामन्याआधी एक तास सगळी टेबलं खुली ठेवा. पोरांनी एकमेकांची यंत्रं बघायची, विचारायचं, सांगायचं. या तासाचं उद्घाटन कुणाच्याही हस्ते करू नका, नाहीतर तास त्यातच जाईल.

आणि पालकांना एक विनंती. पुढच्या प्रदर्शनात कुठल्याही टेबलासमोर उभे राहिलात, तुमच्या पोराच्या नाहीतर दुसऱ्याच्या, तर ‘हे कसं चालतं’ एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथंच थांबा. ज्यानं केलं असेल तो सांगत सुटेल. ज्यानं केलं नसेल ते तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळेल, आणि त्यासाठी निवेदनावर सह्या गोळा कराव्या लागणार नाहीत.

पटलं तर तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.